नदीचा मासा

अजिंक्यच्या मुलीचं बारसं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण आमच्या नातीचं झालं तेव्हा ती चौदा महिन्यांची होती. तेवीस सालची दिवाळी नुकतीच उलटली होती. सूनबाईने, सईने, हट्ट धरला होता की आजी मस्कतला आल्याशिवाय पाळण्यात घालायचं नाही. आजी म्हणजे माझी बायको, मीराबाई. मी एक्क्याण्णव साली इकडे आलो, तेव्हापासून ती कधी ओमानला आली नव्हती. दर दोन वर्षांनी मीच महिनाभर खेडला जायचो. ती आली, आणि अल अमेरातच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात फुगे लावून बारसं झालं. पोरगी पाळण्यात घातल्याबरोबर उठून उभी राहिली. आत्या नाही म्हणून शेजारच्या नयनाताई कानात नाव सांगायला वाकल्या, तर त्यांच्या कानातली रिंग तिने मुठीत धरली आणि सोडेना. "अगं, आधी उर्वी नाव तर ऐकून घे!" नयनाताई कळवळून ओरडल्या. सगळे हसले. मीरा तर डोळे पुसेपर्यंत हसली. त्या दिवशी तिने पुरीचा तुकडा मोडून ताटात ठेवला आणि तो तसाच राहिला. मला ते दिसलं. प्रवासाचा शीण असेल, असं मनाशी धरलं. बघायचं आणि बोलायचं नाही, ही सवय मला फार जुनी आहे.

डिसेंबरात तिचे डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ आहे, आणि आता कापण्यासारखी राहिलेली नाही, असं कळलं. हे डॉक्टरांनी अजिंक्यला इंग्रजीत सांगितलं, अजिंक्यने सईला सांगितलं, आणि मला कुणी सांगितलंच नाही. जिन्यात उभं राहून दोघं बोलत होती त्यावरून मी समजलो. मीराला काय सांगायचं यावर घरात आठ दिवस कुजबुज चालली. शेवटी तीच म्हणाली, "मला गावाला नेऊन सोडा. इथे मेले तर तुम्हालाच त्रास." तिचं म्हणणं एवढंच होतं. जगबुडी नदीच्या काठावर तिचं माहेर, तिथून दीड कोसावर वर डोंगरात माझं घर. तिला तिथे जायचं होतं. पण विमान कंपनीला डॉक्टरचा कागद लागतो आणि डॉक्टर तो देईनात. मल्याळी डॉक्टर, माणूस चांगला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, ये खाएगी तो ताकत आएगी. ताकत आएगी तो मैं साइन करेगा. अभी तो ये कुर्सी पर भी नहीं बैठती." म्हणजे सगळं खाण्यावर येऊन थांबलं होतं. चार घास पोटात राहिले तर गाव, नाहीतर हा तिसरा मजला.

आणि ती खात नव्हती. सई पेज करायची, मऊ भात करायची, बाटलीतलं पांढरं औषधी दूध करायची. मीरा ओठ मिटून घ्यायची. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी अजिंक्य कुरुमच्या ऑफिसातून येताना सुरमई घेऊन आला. सईने तुकडी तळली, काटा काढून भातात कालवली आणि ताट माझ्या हातात दिलं. मी घास तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवलं. मी आणखी जवळ नेला. आणि तेव्हा काय झालं कोण जाणे, माझा डावा अंगठा आपोआप तिच्या खालच्या ओठावर गेला आणि मी तिचा जबडा खाली दाबला. तोंड उघडलं. आतली जीभ दिसली, कोरडी, पांढरट. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात काढून घेतला. घास चादरीवर पडला. सईला वाटलं तो निसटला. पण माझ्या अंगठ्याने जे केलं ते तो अठ्ठावीस वर्षं करत आला होता.

मी सहमच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका हॅचरीत होतो. तिथे बुल्टी मासा वाढवायचे. आपल्याकडे तिलापी म्हणतात तो. त्या माशाची मादी अंडी देते आणि लगेच तोंडात भरून घेते. तोंडातच ती फुटतात, पिल्लंही तोंडातच राहतात. तोंड भरलेलं असतं तोवर, दहा-बारा दिवस, ती काही खात नाही. बाजूने दाणे वाहत जातात, ती बघत राहते. आमचं काम असं की टाक्यात उतरून जाळीने माद्या गोळा करायच्या, एकेक डाव्या हातात धरायची, अंगठ्याने जबडा खाली करायचा आणि घमेल्यातल्या पाण्यात तोंड हलवून अंडी सांडून घ्यायची. रिकामी झालेली मादी परत टाक्यात. दिवसाला दोनशे, अडीचशे. माझा हात इतका हलका होता की अर्बाब, म्हणजे मालक, पाहुणे आले की मलाच बोलवायचा. "यल्ला उत्तम, दाखव." मी दाखवायचो. सोडलेली मादी काही वेळ तिथेच फिरायची, तोंड उघडझाप करत. पहिल्या वर्षी ते बघवायचं नाही. नंतर बघितलंच नाही. त्या संध्याकाळी मी बेसिनशी उभा राहून हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मागून मीराचा आवाज आला. अगदी स्पष्ट. "समुद्राचा वास सहन होत नाही मला. नदीचा मासा असेल तर खाईन."

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे स्वतःसाठी एखादी वस्तू मागितल्याचं मला आठवत नाही. सुट्टीवरून निघताना मी विचारायचो, पुढच्या वेळी काय आणू. ती म्हणायची, तुम्ही आलात की झालं. त्यामुळे त्या वाक्याने मी हललो. मला रात्रभर जगबुडी दिसत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती मला नदीवर घेऊन गेली होती. मी डोंगरातला, नाचणीच्या घरातला, मासा मला ताटात तेवढा माहीत. तिने जुनं लुगडं दोन टोकांनी धरायला लावलं आणि स्वतः गुडघाभर पाण्यात जाऊन दगड हलवू लागली. दगडाखालून मळवे निघायचे, बोटाएवढे, आणि लुगड्यात येऊन चमकायचे. मी लुगडं वर उचलायला उशीर करायचो. "अहो, उचला की! मासे काय तुमची वाट बघत बसणारेत?" पाण्यात उभी राहून ती ओरडत होती, आजूबाजूच्या बायका हसत होत्या, आणि मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतसुद्धा मला बरं वाटत होतं. ते मळवे तांदळाच्या पिठात घोळवून तिने तळले आणि आम्ही काट्यासकट खाल्ले. पुढे मी गल्फला गेलो आणि हॅचरीबद्दल तिला सांगू लागलो, की एका टाकीत वीस हजार मासे, दाणे टाकले की पाणी उकळल्यासारखं होतं. तिने नाक मुरडलं. "दाणे टाकून वाढवता? मग त्या कोंबड्याच म्हणायच्या."

पण हॅचरीच्या खालून एक वादी जात होती. वादी म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. बहुतेक कोरडे असतात, हिला मात्र बारमाही झरा होता. मी नवा होतो तेव्हा कामावरून सुटल्यावर तिच्यात पाय सोडून बसायचो. पाण्यात बोटाएवढे करडे मासे होते. ते यायचे आणि पायांची मेलेली कातडी टोचून टोचून खायचे. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. मी त्यांना मळवेच म्हणायचो. गुदगुल्या व्हायच्या. घर सोडून आलेल्या माणसाला दिवसभरात तेवढाच काय तो स्पर्श. आता नदीचा मासा म्हटल्यावर मला ते आठवले. सकाळी मी अजिंक्यला म्हटलं, शुक्रवारी सहमला जाऊ. तो म्हणाला, "बाबा, सव्वादोनशे किलोमीटर? माशासाठी? लुलूमध्ये फ्रोझन रोहू मिळतो." मी म्हटलं, ती नदीचा म्हणाली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि किल्ली कुठे आहे ते शोधू लागला. निघताना मी मीराची एक विरलेली सुती साडी घडी करून पिशवीत घेतली. तिने ते पाहिलं. म्हणाली, "उचलायला उशीर करू नका." तिच्या तोंडावर हसू होतं असं मला वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

वादी मला ओळखू आली नाही. चार वर्षांपूर्वी मी निवृत्त होऊन अजिंक्यकडे राहायला आलो तेव्हा शुक्रवारी दहा-वीस माणसं दिसायची. आता गाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. बंगाली, पाकिस्तानी, मल्याळी, आपली माणसं, बायका चटया टाकून बसलेल्या, मुलं ओली, कोळशाचा धूर, आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंनी गळ टाकून खांद्याला खांदा लावून उभे असलेले पुरुष. कणकेच्या गोळ्या करून गळाला लावायच्या, पाण्यात सोडायच्या, आणि दोन मिनिटांत मासा वर. बुल्टी. सगळ्यांना बुल्टीच मिळत होता. कुणी ओढून काढला की आरोळी उठायची. एका चटईवर कुणी तस्नीम नावाच्या मुलीला हाका मारत होतं, ती पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. जैनुद्दीन तिथेच भेटला. दापोलीचा, माझ्याबरोबर अठ्ठावीस वर्षं टाक्यात उभा राहिलेला, मला चाळिशीत अक्षरं शिकवणारा. तो अजून हॅचरीत राखणीला आहे. "काय उत्तमशेठ, अमेरातचं गार पाणी मानवलं दिसतं, पोट सुटलं!" मग मी त्याला मीराचं सांगितलं. जरा वेळाने गर्दीकडे हात करून म्हणाला, "बघ. तुझ्या पुण्याईवर किती माणसं पोसली जातायत." मी त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टेनेच म्हणाला होता. पण मी तिथून चालायला लागलो.

कारण ते खरं होतं. टाक्या साफ करताना वेडीवाकडी, कमी वाढीची पिल्लं निघायची. नियम असा की ती चुन्याच्या खड्ड्यात टाकायची. दोन हजार साली अजिंक्य सात वर्षांचा होता, त्याच्या डोक्यात ताप गेला. मीराने शेजारच्या फोनवरून हॅचरीच्या ऑफिसात फोन केला. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुम्ही तिथे जीव मारता, त्याचं हे फळ आहे. एकादशीला काही जीव सोडा." त्या एकादशीला मी पिल्लांची बादली खड्ड्यात न टाकता वादीत सोडली. अजिंक्यचा ताप उतरला. मग मी प्रत्येक एकादशीला एक बादली सोडू लागलो. महिन्यातून दोन, बारा वर्षं. जैनुद्दीन पहारा करायचा. पाठ फिरवून म्हणायचा, "सोड लवकर. अल्ला बघतोय, मॅनेजर नको बघायला." बादली कलंडली की पिल्लं क्षणभर तिथेच घुटमळायची आणि मग एकदम पाण्यात नाहीशी व्हायची. ते बघून मला हलकं वाटायचं. दिवसभर जबडे उघडणाऱ्या हातांनी केलेलं एक चांगलं काम. गावी पत्रात मी लिहायचो, आज सोडले. ती उलट लिहायची, बरं केलंत.

मी पाण्याच्या कडेने वर चालत राहिलो. जैनुद्दीन मागून आला, धापा टाकत. "अरे, कुठे जातोस? तुझा डोका फिरला काय? मासा खाली हाय." मी म्हटलं, तो नको. ते छोटे करडे पाहिजेत, पाय टोचणारे. तो उभा राहिला. मग माझ्या मागून चालू लागला. आम्ही खडकांवरून अर्धा तास वर गेलो. माणसांचा आवाज बंद झाला. वरचा डोह लागला, मी बसायचो तोच. पाणी इतकं स्वच्छ की तळ हाताला लागेल असं वाटावं. आणि तळाच्या वाळूत खळगे होते. ताटाएवढे गोल, एकाला लागून एक, पंगत मांडल्यासारखे. हे खळगे मी ओळखतो. नर बुल्टी शेपटीने वाळू उडवून ते करतो, मादीने तिथे अंडी द्यावीत म्हणून. मी साडी दगडावर ठेवली, चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि बसलो. जैनुद्दीन सावलीत बसला. ऊन कपाळावर आलं. पाय गार पडले, मग पाय आहेत हेच विसरायला झालं. मी हलत नव्हतो. एखादा तरी येईल. एका दगडाखाली चार-पाच उरले असतील, मीरासारखं कुणी दगड हलवणारं हवं. मी उतरलो, दगड हलवले. पहिल्याखाली काही नाही. दुसऱ्याखाली काही नाही. साडी एकट्याला धरता येईना. जैनुद्दीन आला, पायजमा वर खोचून एक टोक धरून उभा राहिला. मी आठ दगड हलवले, दहा हलवले. मग तो हळूच म्हणाला, "उत्तम, ते गेले. सहा-सात वर्षं झाली. बुल्टीने त्यांची अंडी खाल्ली, त्यांचं शेवाळ खाल्लं. मला वाटलं तुला माहीत असेल." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "काय सांगणार? तू पोराच्या जिवासाठी सोडलेस."

मी डोहात उभा होतो. खांद्यावर ऊन, पोटऱ्यांपर्यंत पाणी, हातात बायकोच्या साडीचं ओलं टोक. मला रडू येत नव्हतं. मला आठवत होतं की बादली नेहमी उजव्या हातात असायची, की पाण्याला कधी आवाज झाला नाही, की एकूण किती एकादशा झाल्या असतील. आपण केलेलं चांगलं कुठे जाऊन काय खात बसलं आहे, हे माणसाला कुणी येऊन सांगत नाही. समोर एक मादी आली, तोंड भरलेली. गालावरून कळतं. ती माझ्या नडगीजवळ थांबली आणि बघत राहिली. तिला माझी भीती वाटत नव्हती. मी साडीचं टोक सोडलं नाही आणि उचललंही नाही.

खाली आलो तर अजिंक्य पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता आणि त्याच्या हातात मासा होता. कुणा बंगाली माणसाने त्याला गळाचा दोरा दिला होता. "बाबा, बघा! मी पकडला! लाइफमधला पहिला!" त्याचा चेहरा सात वर्षांच्या मुलाचा झाला होता. "आईला सांगा, नदीचा आहे. तिच्या पोराने पकडलाय." जैनुद्दीनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी म्हटलं, चांगला आहे. परत येताना अजिंक्य बोलतच होता, दर शुक्रवारी येऊ, आईत जरा ताकद आली की तिलाही आणू, खुर्ची टाकून बसेल, मग मार्चअखेर तिकीट काढू. मी हो म्हणत होतो.

मासा मीच साफ केला. मादी होती. गळ तिच्या तोंडात नव्हताच, गालाला बाहेरून अडकला होता. कणकेकडे ती गेलीच नव्हती. पोहत असताना दोरा आडवा आला असणार. जबडा आवळलेला होता. मी अंगठा लावला. आत पिवळी अंडी होती, अजून थोडी, गच्च. बाकीची वाटेत सांडली असतील. मी नळ सोडला आणि ती बेसिनच्या जाळीतून जाताना बघत राहिलो. सई मागे उभी राहून म्हणाली, "बाबा, मसाला लावू ना?" मी म्हटलं, नको, फक्त हळद-मीठ आणि तांदळाचं पीठ. मीराला उशांवर टेकवून बसवलं. अजिंक्य पलंगाच्या पायथ्याशी बसला, उर्वी त्याच्या मांडीवर. मीराने स्वतःच्या हाताने तुकडा उचलला. तोंडात घातला. चावला. आम्ही तिघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. तिने गिळला. दुसरा घेतला. अजिंक्यच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरा तिने हातात धरला, जिभेने दाताकडचा एक काटा पुढे काढला, बोटात घेऊन दिव्याकडे धरला. केवढा मोठा काटा. मळव्याचा काटा माणूस दाताखाली विसरतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं हे मला कळलं. पण ती अजिंक्यला म्हणाली, "गोड आहे रे. तू पकडलास?" आणि तिसरा घास खाल्ला.

ते तीन घास रात्री उलटून पडले. सई चादर बदलायला गेली तेव्हा मीराने माझं मनगट धरलं. "ते बारीक मळवे, तुम्ही सांगायचात ते, पायाला टोचणारे. आहेत का अजून तिथे?" तिच्या आवाजात चौकशी नव्हती, ओढ होती. मी म्हटलं, "आहेत. वरच्या डोहात पुष्कळ आहेत. आज माणसं फार होती, पाणी गढुळलं होतं." ती म्हणाली, "तुम्ही सोडलेले मासेही असतील ना आता तिथे? केवढे झाले असतील." मी म्हटलं, हो. "बरं केलंत," ती म्हणाली आणि डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच, "पुढच्या शुक्रवारी नक्की आणा. मळवे खाऊन मी उठून बसते की नाही बघा. डॉक्टरला सही करावीच लागेल."

मी पुढचे दोन शुक्रवार गेलो. अजिंक्य म्हणाला, आज नको बाबा. तरी गेलो, बसने. ती विचारायची म्हणून गेलो. वर डोहाकडे गेलो नाही. खाली गर्दीत एका दगडावर बसून राहिलो. माणसं मासे ओढत होती, ओरडत होती, मुलं हसत होती. एका बाईने मला चहा दिला. संध्याकाळी मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि दोन्ही वेळा तिला म्हणालो, पाणी अजून गढूळ आहे. दुसऱ्या वेळी तिने काही विचारलं नाही.

माझी बायको मीराबाई गुरुवारी, चौदा मार्च दोन हजार चोवीस रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता अल अमेरातच्या घरी वारली. तिचं वय एकसष्ट होतं. तिला गावी नेता आलं नाही. दहन इथेच केलं.